खोबरेल आणि बाटलीहिरवा

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझी कीव करणार नाही. ज्या दिवशी मी गाडीला रंग मारणार होते, त्या दिवशी सकाळी मी रंगपंचमीला लावतात तसं अंगाला खोबरेल चोपडलं होतं.

लहानपणी रंगपंचमीच्या सकाळी आई आम्हा सगळ्या पोरांना ओळीनं उभं करायची आणि तोंड, मान, दंड, केस असं सगळीकडे तेल थापायची. तेलावर रंग धरत नाही, संध्याकाळी एका साबणात निघतो. हे शास्त्र माझ्या इतकं हाडीमाशी भिनलेलं की गाडीला रंग मारायचा म्हटल्यावर हात आपसूक खोबरेलाच्या बाटलीकडे गेला. आता तेलावर रंग धरत नाही हे ज्या बाईला पाठ आहे, तिला आपला तेलकट हात गाडीलाही लागणार आहे, एवढं कळू नये? नाही कळलं. तेव्हा मी तरुण होते. पंचावन्न वर्षांची.

गाडी नवऱ्याची. (समोर मी ‘अहो’ म्हणते, कागदावर ‘नवरा’ म्हणायची सूट या वयात घेतली आहे.) तिला किट कार म्हणतात. विलायतेहून लाकडी खोक्यांतून सुटी येते: लोखंडी सांगाडा, फायबरग्लासचं कवच, दिवे, नळ्या, स्क्रूच्या पिशव्या. इंजिन कुठल्यातरी मोडीत निघालेल्या गाडीचं घ्यायचं आणि घरी बसून सगळं जोडायचं. दोन माणसांची, बिनछपराची. शारजाच्या उन्हात बिनछपराची गाडी म्हणजे तव्याला चाकं लावल्यासारखं, असं मी म्हणाले होते. तेव्हापासून त्या विषयात माझं मत विचारणं बंद झालं.

या गाडीपायी आम्ही दुबईच्या करामा भागातला चांगला फ्लॅट सोडला. खाली भाजीवाला, समोर इडलीवाला, जरा पुढे मेट्रो, असं सगळं सोडून शारजाच्या एका जुन्या गल्लीत बैठं घर घेतलं, कारण त्याला भिंतीचं अंगण होतं. लोक मुलांच्या शाळेसाठी घर बदलतात, आम्ही मुलाचं लग्न झाल्यावर खोक्यांसाठी बदललं. नवरा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात मेंटेनन्सचा मॅनेजर होता. तिथून रोज ट्रॅफिकमध्ये अडकून घरी यायचा, शर्ट काढायचा आणि सांगाड्याखाली सरपटायचा.

त्याला एक जोडीदार होता. वसईचा, हॉटेलात बँक्वेटचं काम बघणारा, बायकोमुलं वसईलाच. तेव्हा इथली सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे चर्चही शुक्रवारीच भरायचं. सकाळची मिस्सा आटोपली की तो थेट आमच्या अंगणात. दोघं मिळून पाने, नट, वायर यांत दिवस घालवायचे. माझं काम चहा. आणि बॅटरी धरणं. बॅटरी जरा हलली की सांगाड्याखालून आवाज यायचा, “कुठे बघतेस?” मी कुठे बघणार? चाकाकडे बघत होते, जे अजून लागलेलंच नव्हतं.

मला टोचायचा तो एक शब्द. कुणी पाहुणे आले की नवरा अंगणात नेऊन सांगायचा, “आम्ही गाडी बनवतोय.” आम्ही म्हणजे तो आणि वसईवाला. मी शेजारी ट्रे घेऊन उभी. मराठीत ‘आपण’ असाही एक शब्द आहे, तो त्याच्या तोंडून एकदाही निघाला नाही. मला गाडीत बसायची फारशी हौस नव्हती. मला त्या ‘आम्ही’त जागा हवी होती, आणि पंचावन्नाव्या वर्षी ती मागायची कशी हे मला ठाऊक नव्हतं.

संधी आली ती नवऱ्याच्या खांद्यातून. त्या हिवाळ्यात त्याचा उजवा खांदा असा आखडला की शर्टात हात घालताना कण्हायचा. गाडीच्या खाचाखोचांत तोवर लांबी भरून, घासून, प्रायमर मारून झालं होतं. राहिला होता रंग. रंगाची गन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ, एका वेगानं, न थांबता न्यावी लागते. त्या खांद्यानं ते होणं शक्य नव्हतं. वसईवाल्याला दमा, थिनरचा वास आला की तो गेटबाहेर. म्हणजे गाडी आता इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजमध्ये धाडायची, असं दोघांचं ठरत होतं. मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, रंग मी मारते.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. रोग्याच्या नातेवाइकासमोर दोन डॉक्टर बघतात तसं. मी माझी लायकी सांगितली: रांगोळीची रेघ कधी तुटली नाही, हात थरथरत नाही, आणि न थांबता सरळ जाणं हा माझा स्वभावच आहे. वसईवाला म्हणाला, वहिनींना देऊन तर बघू. नवऱ्यानं मागे टाकलेल्या जुन्या फ्रिजचं दार काढून दिलं, त्यावर आधी हात बसव म्हणाला. मी बसवला. रंग असा सपाट आला की त्यात माझं तोंड दिसलं. नवरा म्हणाला, “बरं आहे.” त्याच्या भाषेत हे सुवर्णपदक. मग त्यानं अट घातली: माझ्या हातून बिघडलं तर गाडी गॅरेजमध्ये जाईल, आणि मग त्यावर रडारड नाही.

फ्रिजच्या दाराच्या वेळी मी तेल लावलं नव्हतं, हे लक्षात ठेवा. तो नुसता सराव होता. खऱ्या दिवसाची तयारी मात्र साग्रसंगीत हवी.

शुक्रवारी अंगणात प्लॅस्टिकच्या नळ्या आणि पारदर्शक प्लॅस्टिक लावून मांडव उभा केला होता. धूळ उडू नये म्हणून मी खाली पाण्याचा सडा घातला. वसईवाल्यानं मिस्सा संध्याकाळवर ढकलली आणि तो गेटबाहेर खुर्ची टाकून बसला; वास रस्त्यावर गेला आणि बलदियाचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, माणूस चौकशीला आला, तर त्याला गोड बोलून वाटेला लावायची कामगिरी त्याच्यावर होती. दंव उडाल्यावर आणि वारा सुटायच्या आधी, एवढाच वेळ आमच्या हातात. मी न्हाणीघरात गेले. थंडीनं खोबरेल थिजलं होतं, बाटली गरम पाण्यात धरून पातळ केलं आणि केस, कान, मान, कोपरापासून बोटांपर्यंत मनसोक्त लावलं. वर नवऱ्याचा जुना बॉयलर सूट, बाह्या दुमडलेल्या. तोंडाला तो डुकराच्या नाकासारखा मास्क. हातमोजे दिले होते, पण मोज्यातून ट्रिगर नीट कळेना, म्हणून काढून टाकले. नवऱ्याला माझ्या अंगाला खोबरेलाचा वास आला असेलही. पण तीस वर्षं ज्या बायकोला खोबरेलाचाच वास येतो, तिच्याबद्दल कोण शंका घेणार.

मग शेवटचं म्हणून मी स्वच्छ फडक्यानं सगळं कवच पुसून घेतलं. तेल लावलेल्या हातातलं फडकं. आणि एवढ्यानं समाधान होईना म्हणून बॉनेटवरून, दारांवरून, मागच्या गोलाईवरून तळवा फिरवला. न्हाऊ घातलेल्या बाळाच्या अंगावरून फिरवतात, तसा.

रंग बाटलीहिरवा. पहिला पट्टा बॉनेटवर पडला तेव्हा मला वाटलं, आयुष्यात आपण उगाच पोळ्या लाटत बसलो. ओला, गर्द, विहिरीच्या पाण्यासारखा. दुसरा पट्टा त्यावर अर्धा चढवला, तिसरा. मग पहिल्या पट्ट्याकडे नजर गेली. त्यावर एक बारीक खड्डा उघडला. शेजारी दुसरा. बघता बघता सगळ्या बॉनेटला देवी आल्यासारखे व्रण उठले. रंग जिथे तिथे मागे सरत होता, मधे प्रायमरचा करडा ठिपका उघडा टाकून. मी घाबरून त्यावर आणखी रंग मारला, तेव्हा खड्डे मोठे झाले आणि वर ओघळही आले.

वसईवाल्यानं नाकाला रुमाल लावून आत डोकं घातलं आणि सांगितलं की याला इंग्रजीत माशाचे डोळे म्हणतात. “वसईला आम्ही ते कालवणात घालतो, वहिनी.”

नवरा हसला नाही. बराच वेळ वाकून बघत राहिला आणि म्हणाला, “हे तेल आहे. हवेत कुठून तरी तेल येतंय.”

मी गंभीरपणे मान हलवली. हनुवटीवरचं तेल पुसलं आणि म्हटलं, हो, तेलच असणार.

माझं दैव असं की संशय गनला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरवर गेला. हवेच्या नळीतून त्याचं तेल येत असणार, म्हणजे माझा दोष नाही, म्हणजे मला आणखी एक संधी. पण त्याआधी तो सगळा हिरवा रंग घासून काढायचा होता. तो आठवडा मला आठवला की अजून खांदे दुखतात. ओला पॉलिश पेपर, बादली, पुन्हा पेपर. नाक शिंकरलं तर हिरवं. भात खाल्ला तर प्रायमरची चव. मुलगा सूनबाईला घेऊन दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्याच्या घरून जेवायला आला, माझे हात बघितले आणि म्हणाला, “आई, जस्ट गिव्ह इट टू अ गॅरेज.” मराठी शाळेत घातलं असतं तर निदान उपदेश तरी मराठीत मिळाला असता. मी पेपर पुन्हा बादलीत बुडवला. घासत राहिले.

नवऱ्यानं कॉम्प्रेसर उघडला. वॉशर बदलले, नळी बदलली, तेल आणि पाणी अडवणारा नवा फिल्टर आणून बसवला. तो दुखऱ्या खांद्यानं एकेक भाग फडक्यावर मांडून, विंचरून बघावं तसा बघत होता आणि त्याला काहीच सापडत नव्हतं. काही न सापडल्यावर तो आणखी चिडला. मग त्याचं लक्ष शेजारच्या भिंतीपलीकडे गेलं.

पलीकडे एक मल्याळी कुटुंब राहायचं. त्या बाईला सगळी गल्ली चेची म्हणायची, म्हणजे ताई. ती शुक्रवारी सकाळी केळ्याचे काप तळायची, खोबरेल तेलात, आणि गरम असतानाच भिंतीवरून आमच्याकडे एक वाडगा यायचा. नवऱ्यानं हिशेब जुळवला: शुक्रवार, सकाळ, खोबरेल, एक्झॉस्ट फॅनचं तोंड आमच्या अंगणाकडे. तो त्यांच्या दारात गेला आणि हिंदीत म्हणाला की येत्या शुक्रवारी मेहरबानी करून काही तळू नका, तुमच्या तेलाची वाफ आमच्या गाडीवर बसते. चेची दारात ओल्या हातानं उभी होती. तिनं ‘ठीक है’ म्हटलं आणि दार लावलं. मी भिंतीच्या अलीकडून सगळं ऐकलं आणि मला नवऱ्याचा रागही आला, आणि खरं सांगते, कारण सापडल्याचं बरंही वाटलं.

दुसऱ्या शुक्रवारी कवच पुसायचं काम नवऱ्यानं स्वतः केलं. डाव्या हातानं, खास द्रव लावून, इंच इंच. ते त्यानं इतकं चोख केलं होतं की खरं तर त्या दिवशी रंग बसायलाच हवा होता. पण मागच्या वेळी रंगाची फुई माझ्या दंडावर बसून कोरडी झाली होती, ती काढताना कातडी सोलली होती. म्हणून या वेळी मी तेल जास्त लावलं. दोनदा. आणि गन हातात घेण्याआधी, नवरा नळी जोडायला वळला तेव्हा, मी पुन्हा गाडीवरून हात फिरवला. यश दे बाई, म्हणून.

या वेळी खड्डे सगळीकडे नव्हते. चकत्यांनी होते. बॉनेटवर एक झुबका, डाव्या दाराच्या वरच्या कडेला एक ओळ, मागे दोन. बाकी रंग सुरेख, आणि त्यामुळेच ते जास्त भयंकर. चेचीच्या घरातून तळणीचा वास नव्हता. वाडगाही आला नव्हता.

नवऱ्यानं गन माझ्या हातातून काढून घेतली, हवा बंद केली आणि म्हणाला, “खलास.”

एवढंच. ओरडला असता तर मी भांडले असते. त्यानं गाड्या उचलून नेणाऱ्या ट्रकला, इथे त्याला रिकव्हरी म्हणतात, फोन लावला. उद्या सकाळी या म्हणाला. पलीकडचा माणूस इन्शाल्ला म्हणाला असावा, कारण नवऱ्यानं चिडून पुन्हा विचारलं की इन्शाल्ला म्हणजे नक्की किती वाजता. मग तो आणि वसईवाला ओट्यावर बसले. तुमचा दोष नाही वहिनी, वसईवाला मला म्हणाला, इथली हवाच खराब. आणि मग सवयीनं, कसलाही वाईट हेतू नसताना, त्यानं विचारलं की चहा होईल का जरा.

मी चहा ठेवलाच नाही. मांडवात जाऊन गाडीपाशी उकिडवी बसले. दुपार कलली होती, ऊन प्लॅस्टिकमधून तिरपं येत होतं, आणि तिरप्या उन्हात बॉनेटवरचा झुबका वेगळाच दिसला. तो झुबका नव्हता. चार बोटं होती, अंगठा होता, खाली तळव्याची गादी. खड्ड्यांनी काढलेला पंजा. करंगळी बाहेर वाकलेली. माझी करंगळी लहानपणी पाट्यावर वरवंट्याखाली सापडली होती, ती तशीच बाहेर वाकलेली आहे. मी हात त्यावर धरला. बोटाला बोट बसलं.

मी हाताचा वास घेतला.

त्यानंतर मी तिथे किती वेळ बसले ते माहीत नाही, पण त्या वेळात माझ्या डोक्यात जे चाललं ते अगदी स्वच्छ आठवतं, कारण ते फार हुशारीचं होतं. गप्प राहिले तर गाडी उद्या जाईल, चकचकीत होऊन परत येईल, आणि दोष शारजाच्या हवेचा. माझी अब्रू शाबूत. फक्त उरलेलं आयुष्य चहा. आणि सांगितलं तर? तर कदाचित, कदाचितच, रंगाला आणखी एक शुक्रवार मिळेल. पण दोघांच्या तोंडी मी जन्मभर खोबरेलवाली राहीन, आणि बाईमाणसाला गाडीजवळ येऊ देऊ नये हे सिद्ध करणारी मीच असेन. बरं, नवऱ्यानं कॉम्प्रेसरचा केलेला खिमा. त्याचा खांदा. पलीकडचं ते बंद दार. पंचावन्न वर्षांच्या त्या बाईनं पाच मिनिटं बॉनेटच्या कोपऱ्यातला तो पंजा पॉलिश पेपरनं घासून टाकायचा विचारही केला. पेपर हातात घेतलाही. मग हाताकडे बघितलं, तर पेपरलाही तेल लागलेलं. तेव्हा मला स्वतःचा असा काही संताप आला की मी उठून सरळ ओट्यावर गेले.

मी सांगितलं. रंगपंचमीपासून सांगितलं, कारण मधून सुरू केलं तर ते कुणालाच कळलं नसतं.

वसईवाला हसता हसता खोकायला लागला, मग दम्याचा पंप शोधायला लागला. नवरा हसला नाही. त्यानं विचारलं कुठलं तेल. खोबरेल, मी म्हटलं. दोन्ही वेळा? दोन्ही वेळा. दुसऱ्या वेळी जास्त. तो उठून मांडवात गेला, बॉनेटवरचा पंजा बघितला, परत आला आणि माझ्या करंगळीकडे बघितलं.

“मी त्या बाईला केळी तळू नका म्हणालो,” तो म्हणाला.

कॉम्प्रेसरचं नाही, फिल्टरचं नाही, खांद्याचं नाही. हे. त्याचा आवाज असा होता की मी तिथे उभी राहू शकले नाही. पदर खोचला असता, पण बॉयलर सूट होता. तशीच, डोक्याला तेल, तोंडावर हिरवे शिंतोडे, चेचीच्या दारात गेले. माझ्या मोडक्या हिंदीत पुन्हा सगळं सांगितलं. रंगपंचमी तिला कळेना, तेल मात्र कळलं. तिनं माझ्या केसांना हात लावून बघितला, बोटं चोळली, नाकापाशी नेली आणि माझ्यावर नाही, माझ्या नवऱ्यावर रागावून म्हणाली की त्या माणसाला बायकोच्या डोक्यातलं तेल दिसलं नाही आणि माझ्या कढईतलं भिंतीपलीकडून दिसलं? मग आत बोलावलं. मी बसले नाही. तिची खुर्ची हिरवी झाली असती.

परत आले तेव्हा वसईवाला संध्याकाळच्या मिस्सेला निघून गेला होता. नवरा मांडवात होता. डाव्या हातात ओला पॉलिश पेपर, समोर बादली, आणि तो बॉनेटवरचा पंजा घासत होता. माझ्याकडे वळलाही नाही. मी उभी राहिले. आत जावं की बादलीतलं पाणी बदलावं, ते कळेना. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या अंगणात मी इतकी परकी कधी झाले नव्हते. पाणी हिरवं होऊन गेटाकडे वाहत होतं. मी नळ सुरू केला, साबण घेतला आणि कोपरापासून हात धुऊ लागले. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा.

मग तो मान वर न करता बोलला.

“रिकव्हरीवाल्याला नको म्हणून कळवलंय. पुढच्या शुक्रवारी डोक्यावरून न्हाऊन ये, साबण लावून, दोनदा. आणि गाडीवरून मायेनं हात फिरवत बसू नकोस, नुसता रंग मार.”